बाजारच्या यीस्टवर लाल कॉलनी का उगवत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या विज्ञान पानावर यीस्टचा एक प्रयोग छापून आला. किराणा दुकानातून कोरड्या यीस्टचे पाकीट आणा, साखरपाण्यात फुलवा, अगारच्या प्लेटवर पसरा, नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली धरा आणि तीन दिवसांनी ‘लाल रंगाचे जनुक जागे झालेल्या’ कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) मोजा, असे त्याचे सार. मूळ प्रयोग उत्तम आहे. जनुक, विकर आणि रंग यांचा संबंध इतक्या स्वस्तात डोळ्यांना दिसावा असे दुसरे साधन आम्हाला तरी माहीत नाही. पण छापलेल्या कृतीने तो होणार नाही. आणि कुणाला प्लेटवर लाल ठिपका दिसलाच, तर तो बहुधा यीस्टच्या भलत्याच जातीचा असेल. विज्ञान प्रदर्शनासाठी मुले ही कृती करून पाहतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ‘लाल रंगाचे जनुक’. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, लाल रंग तयार करणारे जनुक नाही. लेखात ज्याचा उल्लेख आहे ते एडीई-२. ‘एडीई’ ही अक्षरे ॲडेनिनची, म्हणजे डीएनएच्या चार घटकांपैकी एकाची. या जनुकापासून बनणारे विकर (एन्झाइम म्हणा) ॲडेनिन बांधण्याच्या कामातली एक पायरी करते. ते धड असते तेव्हा कॉलनी पांढरट, साईच्या रंगाची दिसते. ते बिघडले की लाल. म्हणजे जागे होणे वगैरे काही नाही, एक काम बंद पडलेले असते.

ते काम कोणते? ॲडेनिन आणि ग्वानिन ही प्युरिन घराण्यातली. पेशी प्युरिनचे कडे सुटे बनवून नंतर साखरेला चिकटवत नाही; फॉस्फेट लावलेल्या रायबोज साखरेवरच एकेक अणू चढवत ते बांधते. आरंभीच्या रेणूला पीआरपीपी म्हणतात, शेवटच्याला आयएमपी. मध्ये दहा पायऱ्या. पहिलीत एडीई-४ चे विकर ग्लुटामिनकडून नायट्रोजन घेऊन साखरेवर बसवते. दुसरीत अख्खे ग्लायसिन जोडले जाते, तिसरीत एडीई-८ फॉर्मिल गट लावते, चौथीत एडीई-६ पुन्हा ग्लुटामिनचा नायट्रोजन आणते आणि पाचवीत पाच अणूंचे पहिले कडे बंद होते. दुसरी आणि पाचवी पायरी एकाच प्रथिनाची दोन टोके करतात, म्हणून त्या जनुकाचे नाव एडीई-५,७ असे स्वल्पविरामासह लिहितात. (आपल्या तक्त्यात तो स्वल्पविराम गळून ‘एडीई-५७’ झाले आहे. असे जनुक नाही.) हे आकडे पायऱ्यांचे क्रमांक नव्हेत, हेही सांगायला हवे. ॲडेनिनवाचून न वाढणारे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, वाण (एकाच जातीतला वेगळा वंश) जसे हाती लागत गेले तसे ते पडले; पुढे रसायन उलगडले तेव्हा क्रम वेगळाच निघाला. ते उलगडले मात्र यीस्टमध्ये नव्हे. १९४० आणि १९५० च्या दशकांत जॉन ब्यूकॅनन आणि जी. रॉबर्ट ग्रीनबर्ग या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांनी कबुतराच्या यकृतावर हे काम केले. कबुतर नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते, त्यामुळे खुणेचे अणू खाऊ घालून विष्ठेतल्या प्युरिनमध्ये ते कोणत्या जागी बसले हे पाहता आले.

पाचव्या पायरीनंतर हाती येतो अमिनोइमिडाझोल रायबोटाइड, म्हणजे एआयआर. सहाव्या पायरीवर एडीई-२ बायकार्बोनेटमधला कार्बन त्यावर चढवते. प्युरिनच्या कड्यातला सहाव्या जागेचा कार्बन तो हाच. सातवीत एडीई-१ ॲस्पार्टेट जोडते. आठवीत एडीई-१३ त्यातला फ्युमरेटचा भाग तोडून टाकते. नववी-दहावी एडीई-१६ आणि एडीई-१७ या जुळ्या जनुकांकडे. दोघांपैकी एक चालू असले तरी भागते.

आता एडीई-२ अडले तर काय होईल? मोरी तुंबली की पाणी मागे चढते तसे एआयआर साचते. पेशी ते ग्लुटाथायोन या लहान रेणूच्या मदतीने आपल्या रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत) नेऊन टाकते. तिथे ऑक्सिजनच्या संपर्कात त्याचे रेणू एकमेकांना आणि अमिनो आम्लांना जुळत जातात आणि विटकरी लाल रंग धरतो. एआयआर स्वतः लाल नाही, लाल आहे तो साचलेल्या मालाचा गंज. एडीई-१ बिघडले तरी हाच रंग येतो. वास्तविक तिथे पुढचा रेणू साचायला हवा, पण तो अस्थिर असतो, आपसूक कार्बन डायऑक्साइड टाकून परत एआयआर होतो. म्हणून लाल कॉलनी पाहून ‘हे एडीई-२’ असे लगेच लिहू नये. एडीई-१ ची शक्यता तितकीच धरावी. एडीई-४, ५,७, ६ किंवा ८ बिघडले तर मात्र कॉलनी ॲडेनिन मागते पण पांढरीच राहते, कारण एआयआरपर्यंत माल पोचतच नाही.

या साखळीचा पहिला नळ पेशीच्या हातात असतो आणि प्रयोग फसण्याचे निम्मे कारण तिथेच आहे. माध्यमात ॲडेनिन मुबलक असले की एफसीवाय-२ नावाचे प्रथिन ते आत घेते, एपीटी-१ त्याला साखर-फॉस्फेट जोडून एएमपी करते, त्याला आणखी फॉस्फेट लागून एडीपी-एटीपी होते आणि ही मंडळी एडीई-४ च्या विकराला जाऊन रोखतात. शिवाय बास-१ आणि बास-२ ही प्रथिनांची जोडी, जी एडीई जनुकांचे वाचन चढे ठेवते, तीही सुस्तावते. पहिली पायरी बंद, एआयआर तयारच नाही, त्यामुळे साचणेही नाही. म्हणून भरपूर ॲडेनिनवर वाढवलेला एडीई-२ उत्परिवर्ती अगदी पांढरा दिसतो. ॲडेनिन दिलेच नाही तर तो उगवतच नाही. लाल रंग येतो तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात: वाढीपुरते ॲडेनिन, ते संपत आले की रंग. कॉलनीचा मध्य आधी लालसर होतो आणि कड फिकट राहते.

आता पाकिटातले यीस्ट. प्रयोगशाळेतल्या लाल वाणाचा रंग दिसतो, कारण तो एकगुणित असतो. प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत, एडीई-२ ही एकच. ती बिघडली की संपले. बेकरीची वाणे फुगवण्याच्या जोरासाठी निवडलेली असतात आणि त्यांच्यात गुणसूत्रांच्या बहुधा तीन-चार प्रती असतात, तीही गणती सर्व गुणसूत्रांना सारखी नसते. एक प्रत बिघडली तरी उरलेल्या तीन काम ओढतात. रंग दिसायला चारही बिघडायला हव्यात. समजा अतिनील मारा करून एक प्रत बिघडण्याचे प्रमाण हजारात एक इतके उदार धरले, तर चारही एकदम बिघडणे हजाराच्या चौथ्या घातात एक, म्हणजे एक लाख कोटी पेशींत एक. कोरड्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये साधारण हजार कोटी जिवंत पेशी असतात. हिशेब सरळ आहे: १०० ग्रॅमच्या पाकिटात मिळून एक पेशी, आणि ती शोधायला प्लेटमागे २५० कॉलन्या धरल्या तर ४०० कोटी प्लेटी. प्रत्यक्षात गुणसूत्रांची आपसात अदलाबदल होऊन हे प्रमाण थोडे वर सरकते, पण शाळेच्या प्रदर्शनात मावेल इतके नाही.

दुसरा दोष दिव्याचा. नोटा तपासायचा दिवा किंवा टॉर्च ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा प्रकाश देतो. डीएनए शोषतो तो २६० नॅनोमीटरच्या आसपासचा. जंतुनाशक नळी २५४ वर पेटते म्हणून ती उपयोगी. गंमत अशी की नोटांचा दिवा नुसता निरुपयोगी नाही, उलट दिशेला काम करतो. यीस्टजवळ फोटोलायेज नावाचे विकर आहे. ते नेमका हाच निळसर-जांभळा प्रकाश वापरून अतिनील किरणांनी चिकटलेल्या डीएनएच्या जोड्या सोडवते. छापलेल्या कृतीत मारा करायला दिलेला दिवा प्रत्यक्षात दुरुस्तीचा दिवा आहे.

तेव्हा ज्यांना खरेच करायचे आहे त्यांनी असे करावे. वाण म्हणून एकगुणित, स्वतःचे ॲडेनिन स्वतः बनवणारे यीस्ट घ्यावे. एस-२८८-सी हे सोयीचे. १९९६ साली ज्या यीस्टचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला ते हेच. त्याला वाढायला कोणतेही जादा अमिनो आम्ल लागत नाही आणि त्याचे एफएलओ-८ जनुक बिघडलेले असल्याने पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या धरत नाहीत. गुठळी असली की एका ‘कॉलनी’त दहा पेशींची संतती मिसळते आणि एक लाल झाली तरी नऊ पांढऱ्यांत बुडते. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंडीगडला दुसरा आहे; कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी करताना ‘एकगुणित आहे का, लिंगप्रकार ए की अल्फा, आणि कोणती जनुके बिघडलेली आहेत’ या तीन गोष्टी लेखी विचाराव्यात (यीस्टचा संकर विरुद्ध लिंगप्रकारांतच होतो). नुसते ‘सॅकरोमायसिस’ मागितले तर दारू गाळायचे किंवा बेकरीचे वाण हाती पडण्याचा धोका आहेच. डब्ल्यू-३०३ हे नावाजलेले वाण या प्रयोगाला घेऊ नये, त्यात एडीई-२ आधीच बिघडलेले असते आणि सगळीच प्लेट लाल येते. (तुलनेसाठी शेजारी एक रेघ ओढायला मात्र ते फार चांगले.)

माध्यम वायपीडी. लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम आणि डेक्स्ट्रोज २० ग्रॅम. डेक्स्ट्रोजचे ४० टक्क्यांचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून ५० मिलिलिटर शेवटी घालावे. सगळे एकत्र १२१ अंशांवर ठेवले तर साखर आणि पेप्टोन मिळून माध्यम तपकिरी होते आणि त्यावर फिकट गुलाबी ओळखणे अवघड जाते. निर्जंतुक करायला १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटे. साधा प्रेशर कुकर साधारण याच दाबावर चालतो, मात्र त्यातली हवा आधी बाहेर घालवावी लागते: शिटी न लावता वाफेची जोरदार धार पाच मिनिटे जाऊ द्यावी, मग शिटी लावावी, आणि वेळ त्यानंतर मोजावी.

संध्याकाळी ५ मिलिलिटर वायपीडीत वाण टोचून ३० अंशांवर हलवत रात्रभर वाढवावे. सकाळी मिलिलिटरला सुमारे १० कोटी पेशी असतात. त्या दोनदा निर्जंतुक पाण्यात धुवाव्यात. मग ०.१ मिलिलिटर पेशी ९.९ मिलिलिटर पाण्यात, त्यातल्या ०.१ पुन्हा ९.९ मध्ये, दुसऱ्या नळीत मिलिलिटरला दहा हजार पेशी येतात. पहिल्या नळीतला थेंब रक्तपेशी मोजायच्या काचेवर पाहिला तर मधल्या एक चौरस मिलिमीटरच्या घरात शंभरेक पेशी दिसायला हव्यात. वीसच दिसल्या तर पुढचा हिशेब त्या प्रमाणात बदलावा. डोळ्याने गढूळपणा पाहून अंदाज बांधणाऱ्यांच्या प्लेटी एकतर मोकळ्या निघतात किंवा पेशींचा एकसंध थर येतो.

दुसऱ्या नळीतले ०.१ मिलिलिटर, म्हणजे हजार पेशी, प्रत्येक प्लेटवर पसरून पाणी जिरू द्यावे. जंतुनाशक नळी पंधरा-वीस मिनिटे आधी पेटवून ठेवावी, कारण थंड नळीचा प्रकाश कमी असतो. झाकण काढून प्लेट तिच्याखाली ठेवावी. काच काय, प्लॅस्टिक काय, दोन्ही २५४ नॅनोमीटर अडवतात. झाकणासकट ठेवलेली प्लेट न ठेवल्यात जमा. मारा द्रव माध्यमात तरंगणाऱ्या पेशींवर करू नये, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन स्वतःच तो प्रकाश पितात.

किती सेकंद? हे कुणी कागदावर सांगू शकत नाही. नळीचे वय, वॅट, अंतर यांवर ते ठरते. एकेका प्लेटला ०, ५, १०, २०, ४० सेकंद देऊन पाहावे (शून्याच्या प्लेटवर पाचपट पातळ करून पसरावे, म्हणजे मोजता येतील इतक्याच कॉलन्या येतील). ज्या वेळेला शंभरातल्या तीसेक पेशी वाचतात ती वेळ खऱ्या प्रयोगाला धरावी. प्लेटमागे साधारण ३०० कॉलन्या मिळतात. जास्त मारले तर जास्त लाल मिळतील ही अटकळ चुकीची. वाचलेल्यांत उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढते हे खरे, पण वाचलेल्याच मूठभर उरतात आणि त्यांच्यातही एकापेक्षा अधिक जनुके बिघडलेली असतात. मारा झाल्याबरोबर प्लेटी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळाव्यात. खिडकीपाशी तासभर राहिल्या तर फोटोलायेज सकाळचा सगळा खटाटोप धुऊन टाकते.

३० अंशांवर तीन दिवस. मग फॉइल काढून दोन ते चार दिवस खोलीच्या तापमानाला ठेवावे. रंग या दुसऱ्या टप्प्यात गडद होतो. तिसऱ्या दिवशीच ‘काही आले नाही’ म्हणून प्लेटी फेकू नयेत. प्लेटीच्या कडेला चिकटपट्टी करकचून लावू नये, रंगाला हवा लागते. काही हजार कॉलन्यांत एखादी लाल धरावी, म्हणजे वर्गाने तीस-चाळीस प्लेटी तरी करायला हव्यात. मारा न केलेल्या प्लेटवर लाल मिळणे लाखांत एक इतकेही नसते.

काही कॉलन्या अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या येतील, कापलेल्या कलिंगडासारख्या. तो दोष नाही. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाच धाग्यावर जखम झाली आणि पेशी विभागली की एक लेक बिघडलेली, दुसरी धड. लाल भागातून सुईच्या टोकाने घेऊन नव्या प्लेटवर रेघ ओढावी.

आता प्लेटी उलगडल्यावर काय काय बिनसते ते. सर्वांत मोठी फसगत ऱ्होडोटोरुलाची. हे हवेतले, नळाच्या तोटीवरचे, आंघोळीच्या मोरीतले गुलाबी यीस्ट. त्याचा रंग कॅरोटिनचा, गाजराच्या कुळातला. प्युरिनशी त्याचा काही संबंध नाही. पोवळ्यासारखा, चकचकीत, कडेपासून मधापर्यंत एकसारखा. एडीई-२ चा रंग विटकरीकडे झुकणारा, मध्ये गडद, कॉलनी शेजारणींपेक्षा लहान. पण डोळ्यांवर विसंबू नये, कारण परीक्षा सोपी आहे. ॲडेनिन सल्फेटचे ०.२ टक्क्यांचे द्रावण करावे आणि लिटरभर वायपीडीत त्यातले २० मिलिलिटर घालावे, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम. संशयित कॉलनीची रेघ या प्लेटवर आणि साध्या वायपीडीवर ओढावी. एडीई-२ किंवा एडीई-१ असेल तर पहिलीवर पांढरी होते. ऱ्होडोटोरुला दोन्हीकडे गुलाबीच. (ॲडेनिनचे हे द्रावण फ्रिजमध्ये ठेवू नये, तळाशी स्फटिक बसतात आणि वरचे पाणी ‘ॲडेनिन’ म्हणून वापरले जाते.) तिसरी रेघ ॲडेनिन नसलेल्या माध्यमावर: अमिनो आम्लांशिवायचे यीस्ट नायट्रोजन बेस, अमोनियम सल्फेटसह, लिटरला ६.७ ग्रॅम, अधिक डेक्स्ट्रोज २० ग्रॅम आणि अगार. इथे मूळ एस-२८८-सी उगवेल, ऱ्होडोटोरुलाही उगवेल, खरा उत्परिवर्ती उगवणार नाही. या तीन रेघांशिवाय कुणीही ‘लाल उत्परिवर्ती मिळाला’ असे पोस्टरवर लिहू नये.

दुसरी तक्रार अशी की खात्रीचे एडीई-२ वाण आणूनही रंग येत नाही, फिकट गुलाबीवर थांबतो. दोष बहुतेक वेळा यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा. त्यात ॲडेनिन किती हे कंपनीगणिक, बॅचगणिक बदलते, आणि भरपूर असले की वर सांगितलेला नळ बंद. अशा वेळी वरच्याच नायट्रोजन बेसच्या माध्यमात ॲडेनिन लिटरला ६ मिलिग्रॅम, म्हणजे त्या ०.२ टक्के द्रावणाचे ३ मिलिलिटर, घालून प्लेटी कराव्यात. वाढ सावकाश होते, पण रंग चुकत नाही. वाणाला आणखी काही अमिनो आम्ले लागत असतील तर तीही घालावी लागतात, हे विसरले की प्लेट कोरी आणि दोष ॲडेनिनवर.

तिसरी तक्रार आम्हाला सर्वांत रसाची वाटते: लाल वाण जपून ठेवले आणि चार-पाचदा नव्या प्लेटवर फिरवल्यावर ते पांढरे पडले. यात गूढ काही नाही. साचलेला माल पेशीला जड जातो, त्यामुळे लालपणा टाकलेली पेशी शेजाऱ्यांच्या पुढे पळते. पांढरे होण्याच्या तीन वाटा आहेत. एडीई-२ पुन्हा सुधारले, ही एक. पेशीचे श्वसनच बिघडले, ही दुसरी. मायटोकाँड्रियातला डीएनए गमावलेल्या या खुज्या कॉलन्यांना पेटिट म्हणतात आणि श्वसनाशिवाय रंग बनत नाही. एआयआरच्या आधीची एखादी पायरीही बंद पडली, ही तिसरी. ओळखायला दोन प्लेटी पुरतात. ॲडेनिन नसलेल्या माध्यमावर उगवली ती सुधारलेली. डेक्स्ट्रोजऐवजी ३ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या माध्यमावर उगवली नाही ती पेटिट. ग्लिसरॉलवर उगवते पण ॲडेनिनवाचून नाही, ती तिसऱ्या वाटेची, म्हणजे एडीई-४, ५,७, ६, ८ किंवा त्यांना फॉर्मिल गट पुरवणाऱ्या एडीई-३ मध्ये नवा बिघाड. एडीई-३ वेगळे काढणे सोपे, त्याला ॲडेनिनसोबत हिस्टिडिनही लागते. १९५६ साली यीस्टचे जनुकशास्त्रज्ञ हर्शेल रोमन यांनी नेमकी हीच युक्ती वापरली: लालांमधून उगवणारे पांढरे वेचले आणि एका बिघडलेल्या पायरीच्या आधारे तिच्या अलीकडच्या पायऱ्यांची जनुके गोळा केली. बी.एस्सी.च्या प्रकल्पाला याहून चांगला विषय शोधूनही मिळणार नाही. आणि वाण टिकवायचे असेल तर ते भरपूर ॲडेनिनवर, पांढरे ठेवूनच वाढवावे, आणि १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावे.

लाल मिळालेले एडीई-१ की एडीई-२ हे ठरवायला विरुद्ध लिंगप्रकाराची दोन ओळखीची वाणे लागतात, एक एडीई-१ बिघडलेले, दुसरे एडीई-२. आपला लाल आणि ओळखीचे वाण वायपीडीवर एकत्र कालवून ३० अंशांवर चार-सहा तास ठेवावे, मग ॲडेनिन नसलेल्या प्लेटवर उतरवावे. संकरातून दाट, पांढरी वाढ आली तर दोघांतले बिघाड वेगळ्या जनुकांत आहेत, दोघे एकमेकांचे उणे भरून काढतात. काहीच उगवले नाही, तर एकाच जनुकात. जुन्या लेखांचा आधार घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की तो कोणत्या यीस्टबद्दल आहे. दुभंगून वाढणाऱ्या शायझोसॅकरोमायसिस पॉम्बेत लाल रंग देणारी जनुके एडीई-६ आणि एडीई-७ या नावांची आहेत. तिथले एडीई-६ म्हणजे इथले एडीई-२, तिथले ७ म्हणजे इथले १. आपल्या लेखात दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळले आहेत.

लेखाच्या शेवटी ‘माणसातही हेच विकर आहे’ आणि ‘यीस्टमध्ये याच साखळीतून यूरिक आम्ल तयार होते’ अशी दोन विधाने आहेत. पहिले अर्धे खरे. काम तेच, रीत वेगळी. यीस्टचे एडीई-२ आधी एक एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्चून बायकार्बोनेट चिकटवते आणि मग तो गट योग्य जागी सरकवते. माणसाचे विकर कार्बन डायऑक्साइड थेट बसवते, एटीपी न घेता, आणि पुढच्या पायरीचे विकरही त्याच प्रथिनाला जोडलेले असते. बुरशीवरच्या औषधांसाठी या पायरीकडे पाहिले जाते ते या फरकामुळे. एडीई-१३ चे मात्र खरेच साम्य आहे. त्याचे मानवी रूप बिघडले तर मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा एक दुर्मीळ आजार होतो आणि त्यातले बिघाड यीस्टमध्ये घालून तपासता येतात. दुसरे विधान चूक. आयएमपीपासून यीस्ट एएमपी आणि ग्वानिनचे जीएमपी बनवते, पण प्युरिन मोडून यूरिक आम्लापर्यंत नेणारे झँथिन डिहायड्रोजनेज सॅकरोमायसिसमध्ये नाही. गाउटच्या (यूरिक आम्ल साचून होणाऱ्या संधिवाताच्या) रुग्णांना यीस्टचे पदार्थ जपून खायला सांगतात ते यीस्टमध्ये न्यूक्लिक आम्ल भरपूर असल्यामुळे. यूरिक आम्ल बनते ते खाणाऱ्याच्या शरीरात.

राहता राहिला प्रश्न मुलांचा. जंतुनाशक नळीचा प्रकाश डोळ्यांना तेव्हा जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे चुरचुरते आणि उघड्या कातडीवर उन्हाने भाजल्यासारखी लाली येते. नळी खोक्यात बसवून खोके बंद केल्यावरच पेटेल असा खटका लावावा, प्लेट आत-बाहेर करताना ती विझलेली असावी, आणि हा भाग शिक्षकांनीच करावा. काम संपल्यावर प्लेटी कचऱ्यात टाकण्याआधी कुकरमध्ये वीस मिनिटे काढाव्यात. यीस्ट निरुपद्रवी आहे, पण त्या प्लेटीवर आणखी काय उगवले आहे ते कुणी पाहिलेले नसते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर निदान चार ओळी बदलाव्यात: ‘किराणा दुकानातील यीस्ट’च्या जागी ‘एकगुणित प्रयोगशाळा वाण’, ‘नोटा तपासायचा दिवा’च्या जागी ‘२५४ नॅनोमीटरची जंतुनाशक नळी, शिक्षकांच्या हाती’, ‘तीन दिवसांनी’च्या जागी ‘पाच ते सात दिवसांनी’, आणि ‘एडीई-५७’च्या जागी ‘एडीई-५,७’.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे